ज्यांना जेवायचं आसंल त्यांनी यावं

निरवांगीहून बारामतीला जाणारी सकाळची एसटी आली तेव्हा फाट्यावर माझ्यासोबत आई होती, शेजारची शालन होती आणि माझी पत्र्याची ट्रंक होती. आण्णा, म्हणजे माझे वडील, नव्हते. ते उजाडतानाच एम-एटीला किक मारून भवानीनगरला कारखान्यावर निघून गेले होते. निघताना उंबऱ्यात थांबले, गोठ्यातल्या म्हशीकडे बघितलं आणि म्हणाले, "ज्याला जायाचं त्यानं जावं. हितं कुणी कुणाला धरून ठेवलं न्हाय."

म्हैस बिचारी रवंथ करत राहिली. ते मला उद्देशून होतं.

आमच्या घरात अबोला धरायची ही रीत होती. राग आला की समोरच्याचं नाव घ्यायचं नाही, त्याच्याकडे बघायचं नाही, पण बोलणं काही थांबवायचं नाही. म्हशीला, भिंतीला, दारातल्या कोंबडीला सांगायचं. आई रागावलेली असली की चुलीपुढून हाक यायची, "ज्यांना जेवायचं आसंल त्यांनी यावं. भाकरी गार व्हतीया." आण्णा निमूटपणे येऊन बसायचे आणि ताटाला सांगायचे, "कालवण बरं झालंय." संध्याकाळपर्यंत दोघं पुन्हा नीट बोलायला लागायचे. असा अबोला चार दिवस टिकला तरी खूप झालं. माझा आणि आण्णांचा अकरा महिने टिकला.

साल पंच्याण्णव. मी बारामतीहून बी.ए. झाले होते. आण्णा कारखान्याच्या वजनकाट्यावर कामाला होते, स्वतः सातवीपर्यंत शिकलेले. मला इंग्रजी अक्षरं त्यांनीच शिकवली, तीही उसाच्या ट्रकच्या नंबरपाट्यांवरून. मी लहान असताना मला काट्यावर घेऊन जायचे आणि रांगेतल्या एकेका ट्रकपुढे उभं करून विचारायचे, "ह्ये कंचं?" तर माझं बी.ए. झाल्यावर त्यांनी ऑफिसातल्या साहेबांकडे माझ्यासाठी शब्द टाकला. टायपिस्टची जागा जवळजवळ पक्की झाली. आमच्या बौद्धवाड्यातली पहिली पोरगी ऑफिसात खुर्चीवर बसणार, हे ते सगळ्यांना सांगून मोकळे झाले. आणि मी विहारापुढे चारचौघांत म्हणाले, मला पुण्याला जाऊन इंग्रजीत एम.ए. करायचंय, स्कॉलरशिप मिळालीय. घरात गुपचूप सांगता आलं असतं. ती अक्कल तेव्हा नव्हती.

एसटी भवानीनगरला थांबली तशी मी खिडकीतून मान बाहेर काढली. गाळप संपलेलं, काट्याचं आवार मोकळं. माणूस उभा असता तर लांबून दिसला असता. ड्रायव्हर उतरून चहा पिऊन आला, तोवर मी बघत होते. पुढे काटेवाडी मागे पडली तेव्हा मी ट्रंकेवर डोकं टेकून रडले. दुःखानं कमी, संतापानं जास्त.

पुण्यात माझं इंग्रजी म्हणजे वाचण्यापुरतं. वर्गातल्या मुली चटाचटा बोलायच्या, मी मेसमध्ये ब्रेडला जॅम लावतानाही मनात वाक्य जुळवायची. सुरुवातीला एक मॅडम आमची भाषा पक्की करून घ्यायच्या. एक दिवस त्यांनी 'हू'ची, म्हणजे आपल्या 'जो'ची, वाक्यं काढली आणि त्यात कॅन, कुड, मे, मस्ट, शुड असं एकेक घालायला लावलं. ज्याला जायचं आहे त्याने जावं, अशा थाटाचं एक वाक्य फळ्यावर पडलं आणि मी वर्गात मोठ्यानं हसले. फळ्यावर आमचं घर होतं! फक्त इंग्रजीला आमच्यासारखं मोघम चालत नव्हतं. आण्णांच्या एका 'जावं'साठी मॅडम विचारत होत्या, जायला हवं, जायला हरकत नाही, की गेलंच पाहिजे? ठरवा आणि लिहा. शिवाय आपल्याकडे 'जो' म्हटला की मागून 'तो' येतोच. तिथे 'हू' एकटाच उभा. मला तो माझ्यासारखा वाटला, हे आज सांगायला लाज वाटत नाही.

मॅडमनी स्वतःच्या आयुष्यातली दहा वाक्यं लिहून आणायला सांगितली. मी दहाच्या दहा आण्णांवर लिहिली. माय फादर, हू कुड हॅव कम टू द स्टँड, डिड नॉट कम. आणि, जो माणूस मुलीला एबीसी शिकवू शकतो, त्याने ती झेडपर्यंत गेली म्हणून रुसू नये. दोन्हींवर मॅडमनी टिक केली. त्या दोन टिकांच्या जोरावर मी ती सगळी वाक्यं पत्रात उतरवली, खाली त्यांचा मराठी अर्थ दिला आणि आईला पाठवून दिली. पत्रं मी आईच्याच नावानं लिहायची. आईला वाचता येत नव्हतं, शालन वाचून दाखवायची आणि उलट टपाली कार्डही तीच लिहायची. 'म्हैस व्याली. तब्येतीला जप.' एवढंच, पण यायचं.

माघानंतर कार्डं बंद झाली. मला वाटलं, आण्णांनीच बंद करायला लावली. मग मीही हट्टाला पेटले. एप्रिलमधल्या जयंतीला आमच्या गावी मुंबईपर्यंतची माणसं घरी येतात, मी गेले नाही. परीक्षेचं कारण कळवलं. खरं कारण भीती होती. दारात गेले आणि आण्णा म्हशीशीसुद्धा काही बोलले नाहीत तर? तेवढंही बोलणं संपलं असेल तर ते घर माझं उरलं का, हा प्रश्न मी परीक्षेच्या पेपरातही बाजूला सारू शकले नाही.

मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी होस्टेलवर निरोप आला, सुजाता कांबळे, व्हिजिटर. खाली गेले तर आण्णा. पांढरा सदरा, हातात फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या. समोर टेबलाशी आमचे वॉचमन मामा. आण्णांनी माझ्याकडे एकदा बघितलं न बघितल्यासारखं केलं, गाठ सोडली, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी टेबलावर मांडली आणि भिंतीवरच्या पंख्याला म्हणाले, "ज्यांना भूक लागली आसंल त्यांनी खाऊन घ्यावं."

वॉचमन मामा ताडकन उठले. "लई बरं झालं बघा, पाव्हणं. आज आमचा डबाच आला न्हाय." असं म्हणून त्यांनी अर्धी भाकरी मोडून घेतली, वर चटणी घातली आणि पहिला घास घेतलासुद्धा.

आण्णांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पंखा, मामा, मी, पुन्हा मामा. "आवं दादा, तुमास्नी न्हाय," ते ओरडलेच, "माज्या लेकीला म्हणलो मी!"

मामांचा हात तोंडापाशी थांबला. मला हसू फुटलं आणि हसता हसता रडू आलं. आण्णाही हसायला लागले, अगदी खोकला येईपर्यंत. "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या, खावा तुमी. सुजा, तू बी बस."

अकरा महिन्यांनी माझं नाव ऐकलं. आम्ही तिघंही जेवायला बसलो.

जेवता जेवता आण्णा म्हणाले, "शालनचं लगीन झालं की माघात. काटेवाडीला दिली."

"मग माझी पत्रं कोण वाचतं?"

"कोण वाचणार? मीच. आदीची समदी बी तुज्या आईनं पुन्हा काढून वाचाया लावली."

मी हातातला घास खाली ठेवला. "सगळी?"

"व्हय. ते हू कुड बी. ते तर तिनं दोनदा वाचाया लावलं." त्यांनी चटणी माझ्याकडे सरकवली. "बरुबर लिवलंयस. येऊ शकत व्हतो. काम न्हवतं. आलो न्हाय." मग म्हणाले, "उत्तर लिवाया बसायचो, पर कुटनं सुरू करायचं ते कळंना."

तेव्हा मी धीर करून विचारलं, त्या सकाळी तुम्ही 'जावं' म्हणालात, ते निघून जा म्हणून की जायला हरकत नाही म्हणून? मला वेड लागल्यासारखं आण्णांनी माझ्याकडे बघितलं. "मला काय म्हाईत? राग आला व्हता." छातीवरचं ओझं उतरलं म्हणतात ते मला त्या दुपारी कळलं. वर्षभर मी ज्याचा अर्थ लावत बसले होते, ते बोलणाऱ्यानं कधीच विसरून टाकलं होतं.

आता मी पुण्यातच एका कॉलेजात इंग्रजी शिकवते. फ्लॅट आहे, ईएमआय आहे, सोसायटीच्या ग्रुपवर भांडणं आहेत. इथे कुणी चिडलं की तोंडावर सांगतं, मॅडम, यू मस्ट अंडरस्टँड. मी समजून घेते. तुमच्यातले जे गावी राहिले आणि जे माझ्यासारखे निघाले, त्यांना घर म्हणजे काय हे मी वेगळं सांगायला नको. तरी माझ्यापुरतं सांगते. निरवांगीला गेले की आण्णांचं आणि माझं एकदा तरी वाजतंच. ते ऐंशीला टेकलेत, म्हैस कधीच विकली, आता भिंतीवरच्या टीव्हीला सांगतात, "ज्यांना जेवायचं आसंल त्यांनी यावं."

दुसऱ्या कुणी हात घालायच्या आत मी ताटावर जाऊन बसते.