एक स्वरही नाही

अमेरिकेतल्या पार्सिपनी गावातल्या माझ्या क्लिनिकमध्ये घशाचे पेशंट रोजचेच. पण एक प्रसिद्ध अरबी गायक आत आला तेव्हा वेटिंग रूममधले दोघं चक्क उठून उभे राहिले. तरुणपणी त्यानं दुसऱ्यांसाठी चाली बांधल्या. नाव गाणाऱ्यांचं झालं. स्वतः गायला लागला तो थेट चाळिशीत, आणि मग अरबी बोलणाऱ्या घराघरांत पोचला.

नाकातून कॅमेरा घालून मी घसा तपासला. एका स्वरतंतूवर रक्त साकळलं होतं.

"आज एक स्वरही नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही," मी सांगितलं.

"आज रात्रीच्या कार्यक्रमाची सगळी तिकिटं गेलीत!" त्याच्याबरोबर आलेला मॅनेजर भडकला. "निदान एक गाणं, डॉक्टर."

"मग ते शेवटचं समजा," मी तडकले. गायकानं मान डोलावली.

माझा काडीचा विश्वास बसला नाही. गाणारी माणसं डॉक्टरांना हो म्हणतात आणि जाऊन गातात. मॅनेजरकडून पास घेऊन संध्याकाळी मी पहिल्या रांगेत जाऊन बसले.

स्टेजवर तो नुसतं वाद्य वाजवत होता. साथीदारांनी त्याचं गाणं धरलं, आणि बघता बघता अख्खं सभागृह गायला लागलं. पुन्हा एकदा त्याची चाल दुसरेच गात होते.

तेवढ्यात त्याचे ओठ हलले. मी ताडकन उभी राहिले. मागून कोणीतरी "सिट डाउन!" म्हणून ओरडलं.

त्यानं मला पाहिलं. वाद्य बाजूला ठेवलं आणि दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड गच्च दाबून धरलं. गाणं संपेपर्यंत त्यानं हात काढले नाहीत, आणि मीही बसले नाही.