एक काना

कुठल्याही कागदाच्या शेवटी 'वाचून दाखवला, बरोबर आहे' ही ओळ दिसली की आजही मी तो पहिल्यापासून पुन्हा वाचतो. मग तो कागद बँकेतला असो की तलाठ्याकडचा. स्वेच्छानिवृत्ती घेऊन काही वर्षे झाली, वर्दी पेटीत गेली, पण त्या ओळीने पाठ सोडलेली नाही. ती माझ्या मागे का लागली ते आज लिहून टाकतो. कुणाचे नाव घेणार नाही. ज्याची चूक होती तो मीच आहे.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. नाशिकच्या पश्चिमेला, डोंगरातल्या एका लहानशा ठाण्याचा मी फौजदार होतो. जिल्हा परिषदेची निवडणूक नुकतीच झाली होती. आमच्या गटाची जागा महिलांसाठी राखीव झाली, म्हणून तालुक्याच्या एका जुन्या पुढाऱ्याने आपल्या सुनेला उभे केले होते. सगळे त्यांना आबा म्हणत. समोर पाड्यापाड्यांवर बाळंतपणे करत आयुष्य गेलेली एक दाई उभी होती. निवडून आली ती दाई. मतांचा फरक इतका थोडा, की शेवटच्या पाड्याची एक मतपेटी बाद झाली असती तर निकाल उलटला असता.

हे आबांना आमच्याआधी कळले होते. त्यांच्या मेहुण्यांचे नाशिकला दैनिक होते. निकालानंतर दोनच दिवसांनी पहिल्या पानावर मथळा आला, 'मतपेटी घाटात पालटली?' प्रश्नचिन्ह बारीक होते. दुसऱ्या दिवसापासून तेही गेले.

ज्या दिवशी प्रश्नचिन्ह गेले, त्याच सकाळी ठाण्याचा फोन वाजला. नाव न सांगता एक माणूस म्हणाला, "पेटीच्या जीपमध्ये पाड्याचा कोतवाल होता. त्याला विचारा, सगळं बाहेर येईल." स्टेशन डायरीला नोंद घेतली. वरून हुकूम आला, प्राथमिक चौकशी करा आणि आजच्या आज अहवाल पाठवा.

कोतवाल म्हणजे महसूल खात्याचा गावातला शेवटचा माणूस. निरोप द्यायचे, दवंडी द्यायची, साहेब आले की पाणी आणायचे. चाळिशीचा, काटक, निरक्षर. ठाण्यात आला तो थेट जमिनीवर बसला.

"वर बस, बाकड्यावर."

"खालीच बरा हाय साहेब. तू विचार." डोंगरात सगळ्यांनाच 'तू' म्हणतात. त्यात उद्धटपणा नसतो.

"घाटात काय झालं?"

"नाल्यापाशी गाडी अडकली. मास्तर, पोलीस, डायवर समदी उतरून ढकलाया गेली. मी एकला पेटीपाशी. तठं पेटी पलटली."

"मग?"

"मंग काय. उचलली न मांडीवर घेतली. पोरावानी. कचेरी येईतो सोडली नाय."

मी भराभर लिहीत होतो. फोन दोनदा वाजला होता, अहवाल न्यायला माणूस दारात उभा होता. पेटी मांडीवर घेतली हे जबाबात लिहिण्यासारखे मला वाटले नाही. शेवटची ओळ हाताच्या सवयीने लिहिली, 'जबाब मला वाचून दाखवला, तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे.' त्याचा अंगठा घेतला.

माझे ठाणे अंमलदार जुने जमादार होते. शाई पुसायला त्याला चिंधी देता देता त्यांनी विचारले, "साहेब, वाचून दाखवला का?"

"ओळ लिहिली आहे ना," मी म्हणालो.

जमादारांनी चिंधीची घडी घातली.

तीन दिवसांनी त्या दैनिकात माझ्या हस्ताक्षराचा फोटो छापून आला. एका वाक्याखाली जाड रेघ होती, 'नाल्यापाशी गाडी अडकली. तेथे पेटी पालटली.' वर मथळा, 'कोतवालाची पोलिसांसमोर कबुली.' दाईच्या बाजूचेही एक साप्ताहिक होते. तेही मागे राहिले नाही. त्याने कोतवालाचा फोटो छापला आणि खाली लिहिले, 'हाच तो आबांना विकला गेलेला.' एकाने त्याचा पुरावा केला, दुसऱ्याने त्याच्यावर निशाण लावून दिले. मधल्या माणसाला दोन्हीकडे विचारले कुणीच नाही.

जबाब बाहेर कसा गेला म्हणून मी त्या दैनिकाच्या वार्ताहराला ठाण्यात बोलावले. त्याला घाम फुटेल अशी माझी अपेक्षा होती. त्याने आल्या आल्या चहा मागितला.

"कागद कुणी दिला?"

"वरून आला. किती वरून ते विचारू नका, तुमचीच मान दुखेल."

"पेटी बदलली असं कोतवाल म्हणालेला नाही. तुम्ही शब्द फिरवता."

"आम्ही?" तो हसला. खिशातून घडी केलेला अंक काढून त्याने माझ्यासमोर पसरला. "साहेब, अक्षर तुमचं, अंगठा त्याचा. आम्ही नुसता फोटो काढला. वाचा की."

मी वाचले. 'पालटली'. तो 'पलटली' म्हणाला होता. जीप कलली आणि पेटी आडवी झाली, एवढेच त्याने सांगितले होते. त्यात एक काना मी घातला होता आणि पेटी बदलली असा अर्थ झाला होता.

वार्ताहर अंक तिथेच टाकून गेला, तो मी पुन्हा समोर ओढला. हा काना माझ्या हातात आला कुठून? उत्तर टेबलावरच होते. जबाबाच्या दिवशी सकाळी चहाबरोबर मी तेच दैनिक वाचले होते. 'पालटली' हा शब्द दोन दिवस माझ्या डोळ्यांपुढे होता. कानांनी कोतवालाचे ऐकले आणि हाताने पेपरातले लिहिले. मला कुणी दमदाटी केली नव्हती, आमिष दाखवले नव्हते. तसे काही असते तर निदान सांगता तरी आले असते.

त्याच दिवशी वर कळवायला हवे होते. मी फोन लावलाही. साहेबांनी पहिले वाक्य ऐकले आणि म्हणाले, "जबाब आहे तसा राहू द्या. आता काना-मात्रा बदलला तर लोक म्हणतील दाईकडून दाब आला. नोकरी करायची आहे ना?" मी "होय सर" म्हणालो. पुढचे नऊ दिवस मी गप्प होतो.

त्या नऊ दिवसांत पाड्यावर काय चालले होते ते रोज डायरीत येत होते. कोतवालाच्या बायकोला विहिरीवर पाणी भरू देईनात. त्याच्या पडवीतले गवत जळाले. आणि तो स्वतः दिसेनासा झाला. निकालाला आव्हान देणारा आबांच्या सुनेचा अर्ज नाशिकच्या न्यायालयात दाखल झाला होता, तारीख जवळ आली होती. तो आला नाही तर माझा कागद त्याच्या वतीने बोलणार होता.

पाचव्या दिवशी आबा ठाण्यात आले. खुर्चीत बसले, पंख्याकडे पाहिले.

"पंखा हळू फिरतो तुमचा. नवा पाठवून देतो."

"नको आबा, चालतंय."

"तुमच्या लेखणीनं न्याय होणार आहे फौजदारसाहेब. सांभाळा लेखणी." जाताना दारात थांबून म्हणाले, "कोतवालाची काळजी करू नका. सापडला तरी तो तेच सांगेल. नाही सापडला तरी तेच."

हे ते इतक्या प्रेमाने म्हणाले की ते जाताच मी कोतवालाच्या शोधाला लागलो.

आबांच्या माणसांची नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत एक बंद शेड होती. तिथे एका माणसाला डांबून ठेवले आहे अशी खबर आली. अंबडच्या सहकाऱ्यांना घेऊन मी ती उघडली. आत गंजलेले लेथ मशीन होते आणि जमिनीवर एक सतरंजी. सतरंजी कुणाची ते कुणालाच सांगता येईना. आणि नवव्या दिवशी सकाळी निरोप आला, दरीत एक प्रेत दिसते आहे. पुरुष, चाळिशीचा.

नोकरीत मी बरीच प्रेते पाहिली होती. त्या दिवशी दरी उतरताना मी मागे मागे राहिलो. जमादार पुढे होते. ते वाकले, त्यांनी तोंडावरचा पाला बाजूला केला, आणि वर न बघताच म्हणाले, "आपला नाही."

मला हायसे वाटले. एक माणूस मरून पडला होता आणि मला हायसे वाटले. पंचनामा लिहायला बसलो तर अक्षर उमटेना. जमादारांनी माझ्या हातातला पॅड काढून घेतला. "साहेब, हा मी लिहितो," ते म्हणाले. "तुम्ही पाड्यावर जाऊन या. एकटे जा. टोपी ठेवून जा."

म्हणजे चूक माझ्या जबाबात आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

कोतवालाच्या बायकोने दार अर्धेच उघडले. आतल्या अंधारात तिचा फक्त हात दिसत होता, हातात कोयता.

"तो नाय घरी. ठावं नाय कुठं गेला." मी आधी दोनदा तपासाला आलो तेव्हासारखेच, हे तिने पाठ केल्यासारखे सांगितले.

मी उंबऱ्याबाहेर खाली बसलो. काय बोलायचे ते ठरवून आलो नव्हतो. म्हणालो, "चूक माझी आहे. तो पेटी पडली म्हणाला, मी बदलली लिहिलं. लिहिलेलं त्याला वाचून दाखवलं नाही. वाचून दाखवलं असं मात्र लिहिलं."

दार आणखी थोडे उघडले.

"तो आबाला भेत नाय," ती म्हणाली. "पाड्यालाबी भेत नाय. बाजारात मास्तरानं पेपर वाचून दावला त्याला. तवा म्हनला, मी जे बोललोच नाय ते पोलिसानं माझ्या तोंडात घातलं. आता खोटं उघडं नको पडाया म्हनून मला पोलीसच मारतील. तुला भेतो तो."

मी इतके दिवस आबांची शेड आणि पाड्याची वाट धुंडाळत होतो. तो माझ्यापासून लपला होता.

"आता म्हनलास ते लिहून दे," ती म्हणाली.

मी लिहिले. नाव, हुद्दा, सही.

"आता वाच."

मी वाचले.

"परत वाच. मोठ्यानं."

शेजारच्या दोन घरांतली माणसे बाहेर आली होती. मी त्यांच्यासमोर मोठ्याने वाचले. तिने कागद घेतला, घडी करून कमरेला खोचला. कोयता भिंतीला टेकवला आणि म्हणाली, "वणीकडं हाय. द्राक्षाच्या बागंत. आमची समदी मानसं जातात तठंच गेलाय. तुमाला कुठं सुचायचं."

दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यांत गेलो, तिला बरोबर घेऊन. तो वेलीखाली बसून दाट घड विरळ करत होता. मला पाहून उठला, पळायला वळला, मग मागे बायको दिसली म्हणून थांबला. तिथेच बांधावर मी त्याचा नवा जबाब घेतला. पेटी मांडीवर घेतल्याचे या वेळी लिहिले. 'पोरावानी' हा शब्दही लिहिला. मग वाचून दाखवायला लागलो. त्या वाक्यापाशी त्याने हात वर केला.

"थांब. ह्ये परत."

"तेथे पेटी पलटली."

"पलटली," तो म्हणाला. "पडली."

"पडली," मी म्हणालो आणि तेही लिहिले. मग त्याने अंगठा दिला.

न्यायालयात मी आधी उभा राहिलो. आबांच्या वकिलांनी विचारले, "म्हणजे तुम्ही खोटा दस्तऐवज केलात?" मी म्हणालो, "शेवटची ओळ खोटी होती. वरचं एक अक्षर चुकीचं होतं." कोर्टात कुणीतरी हसले. मग कोतवाल आला. पेटी कशी धरली ते त्याने मोकळ्या हातांनी, मांडी घालून दाखवले. जबाबाच्या जोरावर उभा केलेला तो अर्ज पुढे फेटाळला गेला. दाई पाच वर्षे जिल्हा परिषदेत बसली. माझी खात्यांतर्गत चौकशी झाली आणि नियंत्रण कक्षात बदली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. कोतवालाने कोतवालकी सोडली. पाड्याने त्याला परत बोलावले, विहीर उघडली, पण तो वणीकडेच राहिला. जमादार निवृत्त होताना मी त्यांना विचारले, पहिल्याच दिवशी मला का अडवले नाही. "तुम्ही साहेब होता," ते म्हणाले. "आणि मलाही भ्या वाटत होतं."

या प्रकरणाने मला शिकवले ते एवढेच. खोटे लिहायला वाईट माणूसच लागतो असे नाही. सकाळी एक शब्द वाचलेला, दुपारी घाई असलेला, आणि आपण लिहिले ते बरोबरच असणार असे मानणारा कुणीही पुरतो. नंतर तो घाबरून गप्प बसला की काम पुरे होते. पुढच्या सगळ्या नोकरीत मी प्रत्येक जबाब वाचून दाखवला. माणूस कंटाळला तरी वाचला. सहकारी चेष्टा करत, "आला, कीर्तनकार आला." मी करू दिली.

दैनिकाने निकालाची बातमी आतल्या पानावर चार ओळींत दिली होती. गेल्या वर्षी नाशिकला केस कापायला बसलो होतो. निवडणुकीच्या गप्पा चालल्या होत्या. शेजारच्या खुर्चीतले गृहस्थ आमच्याच तालुक्याचे निघाले. म्हणाले, "आमच्याकडं तर एकदा घाटात आख्खी पेटीच पालटली होती."

मी म्हणालो, "पालटली नव्हती. पलटली होती. तो जबाब मीच लिहिला होता."

त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिले. "असं कसं? पेपरात फोटो होता की. पोलिसाचं अक्षर होतं."

न्हाव्याची कात्री थांबली होती. अक्षर माझेच होते.