आवाज द्यायचा नाही

आंधळ्यांच्या मंडळाची बैठक म्हटलं की लोकांना हार्मोनियम आठवते. भजन, त्यानंतर केळीवाटप, त्यानंतर पेपरात फोटो. फोटोत केळं देणारा कॅमेऱ्याकडे बघतोय आणि केळं घेणाऱ्याची मान मागून कुणीतरी धरून वळवलेली. माझी स्वतःची मान अशी वळवली गेली आहे, म्हणून सांगतो. धुळ्याची बैठक सुरू झाली तेव्हा आम्ही पहिल्याच दिवशी ठरवलं, डोळस माणूस आत बसणार नाही. आणायला-न्यायला आलेल्यांनी बाहेर ओट्यावर थांबायचं. आत फक्त आम्ही. रडायचं तर आमच्यात, शिव्या द्यायच्या तर आमच्यात.

दुसरा नियम कुणी केला नव्हता, तो आपोआप होता. शिरताना, उठताना, जागा बदलताना आवाज द्यायचा. "मी शे, खिडकीकडे सरकतोय." शे म्हणजे आहे, आमच्या अहिराणीत. म्हणजे कुणी कुणाच्या अंगावर जात नाही. आवाज न देता वावरणारा आमच्या हिशेबी एकतर चोर, नाहीतर डोळस.

मला थोडं दिसायचं, अजून दिसतं. नळीतून पाहावं तसं मधलं तेवढंच, आणि अंधारलं की तेही नाही. जळगावला मेहरूणकडे आमचं एक मंडळ होतं, तिथून दर पंधरवड्याला मी एसटीने धुळ्याला जायचो, बगलेत पत्रकांचा गठ्ठा. पत्रकं मीच लिहायचो, 'दया आवरा, रस्ता सोडा' या थाटाची. बैठक चालवायचे ते चाचा, काचबिंदूने नजर गेलेले म्हातारे शिंपी. त्यांच्या शेजारी अक्का. देवीत लहानपणीच डोळे गेलेले, खुर्च्या विणून पोट भरायची, बोलणं असं की समोरच्याने कान धरावेत.

सोनगीरकडून एक जण यायचा. खाणीत सुरुंग लावायचा. एक सुरुंग उडाला नाही म्हणून बघायला वाकला आणि तो तोंडावर उडाला. खडीचे कण चेहऱ्यात तसेच राहिले होते. उंचापुरा होता, आम्ही त्याला पैलवान म्हणायचो. त्याच्याइतकं कुणी बोलत नव्हतं. गावातली पोरं खडे मारून बघतात, खरंच आंधळा आहे का, चुकवतो का. भावाने ताटात भाजीच्या जागी ठेचा वाढला, याने मोठा घास घेतला आणि अख्खी पंगत हसली. हे ऐकताना आमच्या मुठी वळायच्या. मी त्याच्यावर पत्रक काढलं, 'सुरुंगाने डोळे नेले, गावाने माणूस नेला'. धुळ्यात, जळगावात, धरणगावच्या बाजारातही मी ते ओरडून वाटलं.

त्याला त्याची बायको आणायची. एसटीतून उतरवून, हात धरून, दारापर्यंत. मग ती ओट्यावर बसायची. तिच्याबद्दल आम्हाला इतकंच माहीत होतं की ती बोलत नाही.

एका बैठकीत अक्का पाणी प्यायला बाहेर गेली. पायरी उतरताना तिने आधारासाठी शेजारच्या बाईचा हात धरला, तो हिचा निघाला. धरल्याबरोबर बाई कळवळली. अक्काने सोडलं नाही, बोटं मनगटावरून फिरवली. मनगट सुजलेलं, त्याच्या वर बोटभर लांब खपली, आणि काचेची एकही बांगडी नाही. नवरा आत बसलाय आणि हात मोकळे का, असं अक्काने तिच्या भाषेत, तिच्या पद्धतीने विचारलं. बाईने कुजबुजत उत्तर दिलं.

"बांगड्या वाजन्या का त्याले समजस मी कोठे शे."

गावात बायका तिला नवरा जिवंत असून रांडव म्हणत होत्या. आणि घरात बांगड्यांचा आवाज नाही म्हणून तो आणखी मारत होता, की मला मेलेला समजतेस काय. मग तो दाराला कडी लावून खोलीभर काठी फिरवायचा, लागेल तिथे लागेल.

अक्का आत आली. "मी शे, मधे उभी शे," असा आवाज दिला आणि हे सगळं जसंच्या तसं सांगून टाकलं. जोरात नाही, कसली भरही घातली नाही.

पैलवान आधी हसला. मग ज्या आवाजात तो भावाचं, ठेच्याचं सांगायचा, अगदी त्याच दुखऱ्या आवाजात म्हणाला, "दिनभर बठ्ठा माले ढकलतस. घरमा एकच शे, जी मना हातमा येस." सगळे त्याला ढकलतात, घरात तेवढी एकच त्याच्या हाती लागते, असं.

आणि कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, खरं शे.

माझ्या डोक्यात सणक गेली. याच खोलीत आम्ही म्हणत आलो होतो की आमचं दुःख डोळसाला कळत नाही. आणि इथे एका बाईची हाडं सुजली होती, तर एकाला त्यातही स्वतःचंच दुःख ऐकू येत होतं. मी उभा राहून पैलवानाला नालायक म्हणालो, हरामखोर म्हणालो, पत्रकात जे छापता येत नाही ते सगळं म्हणालो. अक्का म्हणाली, पोलिसात जाऊ या.

तिचं बोलणं संपायच्या आत तो तिच्या आवाजावर गेला. अक्का खाली पडली, तिचं स्टूल माझ्या नडगीवर आदळलं. सगळे एकदम उठले आणि सवयीने आवाज देऊ लागले. "मी शे." "मी शे, दाराकडचा." आम्ही एकमेकांना लागू नये म्हणून शिकलो होतो ते, आणि तो प्रत्येक आवाजावर मूठ मारत होता. 'मी शे' म्हटलं की तोंडावर बसायची. चाचांचा ओठ फाटला. तबला शिकवणारे एक जण होते, त्यांचं नाक फुटलं. मला माझ्या नळीत एकदा त्याची छाती दिसली, एकदा रक्ताने भरलेला सदरा, मग भिंत. मी त्याच्या कमरेला मिठी मारली तर त्याने कोपराने मला कानाखाली असं हाणलं की खोली शिट्टीसारखी वाजायला लागली.

खालून अक्का म्हणाली, "आवाज देऊ नका. कोनीच देऊ नका."

खोली गप्प झाली. जो जिथे होता तिथे थांबला, श्वाससुद्धा दाबून. पैलवान मधोमध गरागरा फिरला. हात पसरून दोन पावलं गेला, मूठ मारली, ती कपाटावर. पुन्हा मारली, ती भिंतीवर. बोटांची सालं निघाली तरी मारत राहिला. बठ्ठा कोठे गयात, म्हणून ओरडला. मग बायकोला हाक मारली. ती दारातच उभी होती, मला दिसत होती. तिने ओ दिली नाही. त्याने परत हाक मारली, शिवी घालून. नाहीच दिली. शेवटी तो भिंतीला टेकून खाली बसला.

मग अक्का ओट्यावर गेली आणि बाईला काय पाहिजे ते विचारून आली. बाईला सोनगीरला जायचं नव्हतं. धरणगावला भाऊ होते, त्यांच्याकडे जायचं होतं, आजच, त्याच्या हाती पुन्हा न सापडता. चाचा फाटका ओठ रुमालाने दाबून अडून बसले. म्हणाले, बाई गेली तर हा आंधळा माणूस जगेल कसा, त्याला भाकरी कोण देणार, आपण मंडळ काढलं ते कुणासाठी.

"मंग थापा ना तुम्ही भाकरी," अक्का म्हणाली. "मंडळ तुमचंच शे ना?"

ठरलं असं की बाई अक्काला घेऊन आधी स्टँडवर जाईल आणि धरणगावची गाडी धरेल. मागून मी पैलवानाला शिरपूर गाडीने सोनगीरला पोचवायचं. मी त्याला स्वच्छ सांगितलं की बायको तुझ्याबरोबर येणार नाही. तो माझ्या कोपराला हात लावून चालत राहिला. बोटांचं रक्त माझ्या बाहीला लागत होतं.

गाड्या उशिरा होत्या. आम्ही पोचलो तरी धरणगावची लागलेली नव्हती. मी त्याला दूरच्या फलाटाशी उभं केलं. तेवढ्यात भोंग्यातून पुकारलं, अमळनेरमार्गे धरणगाव. त्याचा हात कोपरावरून माझ्या मनगटावर आला.

"ती शे का आठे?"

आंधळ्याला समोर काय आहे ते खरं सांगा, हे वाक्य मी कितीतरी पत्रकांत ठळक छापलं होतं. ज्याला दिसतं त्याने आंधळ्याशी खोटं बोलणं म्हणजे त्याचे डोळे दुसऱ्यांदा काढणं, असंही लिहिलं होतं. मी म्हणालो, "नही."

"खोटं बोलस तू."

त्याने मनगट पिरगाळलं. मी मान फिरवून गाडीवर नळी आणली. बाई दारात अक्काला वर चढवत होती. तिने आम्हाला पाहिलं आणि थिजली, एक पाय पायरीवर, एक खाली. अक्काला काही दिसत नव्हतं, ती आतून हिला ओढत होती.

"शे का नही?"

"नही."

त्याने आणखी पिळलं. आत काहीतरी कट् झालं आणि गुडघे आपोआप वाकले. आजूबाजूचे लोक बघत होते. दोन आंधळे भांडताहेत म्हणून कुणीतरी हसलंसुद्धा. मी ओरडलो असतो तर तिने ऐकलं असतं, आणि ती उतरली असती. मला नक्की वाटतं की उतरली असती. मी दात दाबून धरले आणि पुन्हा नही म्हणालो. तिचा दुसरा पाय वर गेला. दार आपटलं. कंडक्टरने घंटी मारली.

गाडी स्टँडच्या फाटकातून वळून रस्त्याला लागेपर्यंत मी वाट पाहिली.

"व्हती," मी म्हणालो. "आते गयी."

त्याने मनगट सोडलं. मला वाटलं आता तोंडावर बसणार, म्हणून मी मान खाली घातली, पण तो नुसता उभा राहिला. मग शिरपूर गाडी लागली. मी चांगला हात पुढे केला, त्याने तो चाचपडून धरला, आणि आम्ही दाराकडे गेलो.