तिठ्यावरचा आवाज

त्यांचे नाव विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. काळाचौकीच्या टायरच्या दुकानात, माझ्या स्कूटरचे पंक्चर निघेपर्यंत, ते गृहस्थ आणि मी एका बाकावर बसलो होतो. साठीच्या आसपासचे वय, इस्त्रीचा सदरा. त्यांच्या जीपला चिखलवाटेसाठी असतात तसे जाड, खोल खाचांचे टायर होते. आदल्या दिवशी ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबूनही गाडी घसरत गेली आणि सिग्नलपाशी एक बाई थोडक्यात वाचली, हे ते दुकानदाराला दोनदा सांगून चुकले होते.

"काका, हे मातीतले टायर," दुकानदार म्हणाला. "ओल्या डांबरावर पकडच नाय यांना. वर आवाज कसला, विमान उतरल्यासारखा! काढा की आता."

गृहस्थ उठून जीपपाशी गेले आणि खाचेत अडकलेली तांबडी माती नखाने उकरत राहिले.

"गावच्या तिठ्यावर गाडी वळली, की हा आवाज आईला घरात ऐकू जायचा," ते म्हणाले. "मी पोचेपर्यंत तिचा चहा उकळलेला असायचा."

"आणि आता?" दुकानदाराने विचारले.

"आता घराला कुलूप आहे. काढ तू."

थोड्या वेळात चारही टायर बदलून झाले. नखातली माती त्यांनी रुमालात झाडली, रुमालाची घडी करून खिशात ठेवली आणि ते निघाले. जीप नाक्यावर वळेपर्यंत मी कान देऊन होतो. आवाज काही आला नाही.