उलटसुलट वासे

माझे मामा सुतार, मीही सुतार. त्यांच्या शिव्या खात खातच मी रंधा धरायला शिकलो. आता दोघंही कतारमध्ये, बरवा अल बराहा या कामगार वसाहतीतल्या एकाच खोलीत. मामा दरवर्षी म्हणतात, हे शेवटचं वर्ष, आणि दरवर्षी नवं काम निघतं. तिकडे कोकणात मामी एकटी, मुलं मुंबईला. मी तिचा विषय काढला की मामांचं उत्तर ठरलेलं, "घर माझ्या हातान बांधलंय. एक वासो उलटो नाय. थय काय एक वायट होवचा नाय." या उत्तराची मला भयंकर चीड यायची. पण मामांना कोण बोलणार?

यंदा काम मिळालं उम्म सलाल मोहम्मद गावाच्या बाजूला, शेतातल्या जुन्या घराचं. मालक म्हातारे, काठी टेकत चालणारे, राहायला शहरातल्या व्हिलात. आजोबांनी बांधलेल्या या घरातली बैठकीची खोली त्यांना होती तशीच परत उभी करून हवी होती. थंडीत भावांना घेऊन तिथं बसायचं, एवढीच हौस. भाऊही थकलेत, असं ते म्हणाले तेव्हा घाई का आहे ते कळलं.

दगडमातीच्या जाड भिंती, आणि वर आडवे कांदळाचे, म्हणजे खारफुटीचे, वासे. इथं लाकूड कुठलं? आफ्रिकेच्या खाड्यांतून गलबतावर यायचं. कांदळ फार लांब मिळत नाही, म्हणून अशा घरांतल्या सगळ्या खोल्या अरुंद. खोली किती रुंद ते मालक ठरवत नसे, झाड ठरवायचं! वाशांवर खजुरीची चटई, चटईवर मातीचा सपाट धाबा, आणि पावसाचं पाणी बाहेर टाकायला मागच्या भिंतीत लाकडी पन्हळ. मला ते छप्पर बघता बघता फार आवडून गेलं.

कुजलेले वासे उतरवताना मामा मात्र प्रत्येक वाशाचा बुंधा तपासत गेले. एका वाशाचा बुंधा पुढच्या भिंतीवर, तर शेजारच्याचा मागच्या. एक सुलटा, एक उलटा, अख्ख्या खोलीभर. आमच्याकडे असं कुणी करत नाही. कौलारू छपरात बुंधा खाली पागोळीकडे, शेंडा वर आढ्याकडे. उलटा वासा म्हणजे घराला अवदसा.

"बघ, म्हणान ह्या घर ओस पडला," मामा म्हणाले. आणि नवे वासे त्यांनी आपल्या रीतीनं घातले. पन्हळ म्हणजे पागोळीच की, म्हणून सगळे बुंधे पन्हळीच्या भिंतीवर. मालकाचं भलं व्हावं म्हणून, हो! त्यात लबाडी नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी सहज पाण्याची नळी धरून लेव्हल बघितली आणि कपाळावर हात मारला. जाड टोकं सगळी मागं, त्यामुळे मागची बाजू चांगलीच उंच. पाऊस आला की पाणी पन्हळीकडे जाणारच नाही, दाराच्या भिंतीवर येऊन बसणार. मातीची भिंत ती, भिजली की खलास. म्हाताऱ्यांची बैठक एका पावसात झोपली असती.

"मामा, हे काढायला लागेल."

"माका शिकवतंस? वर माती वाढव, ढाळ येतलो."

"एवढं वजन हे वासे पेलतील? उलटसुलट घातलं तर धाबा सारखा बसतो, त्यासाठीच त्यांनी तसं घातलं होतं!"

"उलटो वासो मी घालूचंय नाय. खलास!"

माझंही डोकं तापट. आवाज चढले. नेमके तेव्हाच मालक आले. भांडण कशावरून आणि घर ओस पडण्याबद्दल मामा काय म्हणाले, ते मी हिंदीत सांगितलं. ते हसले नाहीत. बाहेरच्या ओट्यावर टेकले आणि मामांना त्यांनी शेजारी बसवलं.

"वासे उलटे, म्हणून घर ओस पडलं?" त्यांनी हिंदीत विचारलं.

मामांनी होकाराची मान हलवली.

"नाही. पैसा आला, नोकऱ्या आल्या. सगळं चांगलं झालं म्हणून आम्ही गेलो. आई म्हणाली, मी इथंच राहते. आम्ही म्हणालो, घर मजबूत आहे, राहू दे." त्यांनी काठीनं दाराकडे दाखवलं. "ती गेली तेव्हा जवळ कुणी नव्हतं. घर मजबूतच होतं."

मामांची मान खाली गेली. इतके खचलेले मामा मी कधी पाहिले नव्हते. माझा राग कुठल्या कुठे गेला. मग ते उठले, शिडी चढले आणि पहिला वासा त्यांनी स्वतः फिरवून घातला.

"बघतंस काय? यल्ला, दुसरो दी."

धाबा झाला. मालकांचे भाऊ आले, एकाला तर उचलून आत आणावं लागलं. बैठकीत कॉफी फिरत होती तेव्हा मामा बाहेर ओट्यावर फोन लावत होते.

"मी येतंय. कायमचो," ते मामीला म्हणाले.

मग मामीचा आवाज मला शेजारी बसून ऐकू आला, "कित्या? घराक काय झाला?"

"घराक काय होवक नाय गो," मामा म्हणाले, "तू एकटी आसस म्हणान येतंय."