गिटारचा डबा, रिटर्नच्या बोलीवर

घरात नवीन यंत्र आलं की किस्से दाराशी बर्फासारखे साचतात, फावड्यानं शोव्हल करावं तेवढं थोडंच. आमच्या कॅनडातल्या, मिसिसागाच्या घरी जावई, शिरीषराव, गिटारचा ॲम्प घेऊन आले तो विंटर तसाच. पोळ्यांच्या डब्याएवढं खोकं. गिटारची वायर खुपसली की गिटार मोठ्यानं वाजते, फोन जोडला की फोनमधलं सगळं त्यातून ऐकू येतं.

लेकीनं, मेधानं, पहिल्याच दिवशी बजावलं, "महिनाभर ट्राय कर. एक गाणं अख्खं वाजव, नाहीतर डबा रिटर्न."

*

पहिल्या आठवड्यात बेसमेंटमधून जे वर आलं, ते ऐकून मेधानं घर तापवणाऱ्या फर्नेसच्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो खाली जाऊन आला. म्हणाला, "फर्नेस ठणठणीत आहे. त्या दुसऱ्या आवाजाचं काही माझ्या हातात नाही."

*

नात रिया आठ वर्षांची. बापानं विचारलं, "कसं वाजलं गं?"

पोरीनं विचार केला. "बाबा, यू आर सो ब्रेव्ह."

*

ॲम्प खरा वापरला मी. रियानं माझा फोन जोडून दिला. सकाळी अभंग, मग साताऱ्याहून बहिणीचे, कुसुमचे, निरोप. आम्हा दोघींना लिहिता-वाचता येत नाही, म्हणून बोलूनच पाठवतो. कुसुम ओट्यापाशी उभी राहून बोलतेय असं वाटायचं.

"आई, ॲम्प माझा आहे ना?"

"तुमचाच हो शिरीषराव. मी फक्त गार पडू देत नाही."

*

महिन्याचा शेवटचा रविवार. मित्रमंडळी जेवायला. शिरीषराव हळूच स्वयंपाकघरात आले. "आई, मी मान हलवली की तुमच्या फोनवर हे गिटारचं गाणं लावाल? मी गिटारचा आवाज बंद ठेवून नुसती बोटं फिरवतो."

जावयाला नाही कसं म्हणायचं? शालीखाली फोन धरून मी बसले.

काय वाजवलं म्हणता! दोन कडवी झाली, मंडळी माना डोलावायला लागली, मेधाचे डोळे भरून आले. तेवढ्यात फोन थरथरला. महिन्याभराची सवय, बोट निरोपावर गेलंच.

गाणं थांबलं. शिरीषरावांची बोटं चालूच. आणि डब्यातून कुसुम म्हणाली, "अक्का, डबा परत पाठवू देऊ नकोस गं. त्यांना वाजवता येत नाही म्हणतेस ते असू दे, पण तुझे अभंग तरी होतात."

मेधानं डोळे पुसले.

"शिरीष, डबा राहू दे. गिटार परत घेतात का बघ."