दादाचा आवाज मी कसा जपला

आमच्या रॉक बँडमधला सगळ्यात तरुण कलाकार मी. यंदा अठ्ठावन्न पूर्ण केली. थोरला दादा गायक, ड्रम आणि ढोलकीवर सलीमभाई, गिटारवर मी. जालन्यात बँड काढला तेव्हा लोकांना तो वरातीचा वाटला. (पहिली सुपारी वरातीचीच आली, आणि आम्ही ती घेतली!) दादा शास्त्रीय शिकलेला. आमच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या तो भीमपलासात गायचा, सलीमभाई खाली ढोलकी धरायचे आणि मी मध्येच गिटार किंचाळवायचो. लोकांनी हे आधी सहन केलं, मग त्यावर जीव लावला.

मागच्या वर्षी दादाच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही.

"मंग आधी अंबडचा कार्यक्रम करू. कबूल केलंय आपण," दादा म्हणाला.

त्याच्या ओव्या आम्ही कधीच रेकॉर्ड केल्या नव्हत्या. 'पुढच्या खेपेला करू' म्हणत पस्तीस वर्षं काढली होती. निघायच्या आधी वहिनीनं मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"भाऊजी, तेवढ्या ओव्या भरून आणा. मला दुसरं काईच नको."

"बिलकुल काळजी करू नका वहिनी!" मी छाती ठोकली. (या छातीनं आजवर पुष्कळांना फसवलंय.)

एक छोटा रेकॉर्डर विकत आणला. एकच बटण. एकदा दाबलं की सुरू, लाल दिवा लागतो. पुन्हा दाबलं की बंद. आता आपल्याकडं दर गाण्यानंतर कुणाचा तरी शाल-नारळ देऊन सत्कार असतोच. तो कचरा कशाला भरायचा? म्हणून गाणं आलं की सुरू, सत्कार आला की बंद, असा माझा बेत. हात गिटारवर, म्हणून बटण पायाच्या अंगठ्यानं! कार्यक्रमाआधी चालतंय का पाहायला मी ते एकदा दाबलं आणि तसंच विसरलो.

"लाल दिवा देख बराबर," सलीमभाई म्हणाले.

"पाहून राह्यलो ना भाई!"

खरं म्हणजे मला काहीच दिसत नव्हतं. माझा चष्मा पिशवीत होता. केस काळे केलेला रॉकवाला स्टेजवर चष्मा लावत नसतो!

दादा त्या संध्याकाळी असा गायला, की तसा तो पूर्वी कधी गायला नव्हता. शेवटच्या ओवीत आवाज फाटला. तो थांबला, घोटभर पाणी प्याला आणि तीच ओवी पुन्हा वरच्या सुरात उचलली. समोरच्या बायका पदरानं डोळे पुसत होत्या. मला तारा दिसेनाशा झाल्या, आणि त्याला चष्मा कारण नव्हता.

ऑपरेशन झालं. दादा घरी आला तो गप्प. महिन्याभरानं सगळे जमून ऐकायला बसलो. मी ऐटीत बटण दाबलं.

"यानंतर शाल व श्रीफळ देऊन सत्कार..." टाळ्या. बंद. पुन्हा सत्कार. पुन्हा टाळ्या. अकरा गाण्यांनंतरचे अकरा सत्कार, आणि गाणं एकही नाही! मी गाण्याला बंद करत होतो आणि सत्काराला सुरू.

"ओव्या कुठंयत, भाऊजी?" वहिनीनं हळूच विचारलं.

अठ्ठावन्न वर्षांचा गडी, पोरासारखा हुंदके देऊन रडलो. तेवढ्यात रेकॉर्डरमधून, शेवटच्या सत्काराच्या मागून, दादाचा आवाज आला.

"अरे गाढवा, तिसरी तार उतरली ना तुझी! कान काय अंबडच्या स्टँडवर ठिवून आल्ता का?"

दादाचे खांदे हलू लागले. आवाज नव्हता, पण तो हसत होता, डोळ्यांतून पाणी काढून हसत होता. वहिनीनं तेवढंच वाक्य पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा.

आता ते वाक्य दादाच्या मोबाइलमध्ये आहे. रविवारी तालमीला तो समोर बसतो, आणि मी चुकलो की बटण दाबतो. ओव्या गेल्या, त्या माझ्यामुळं गेल्या, हे मला जन्मभर जाचणार. पण आवाज ऐकावासा वाटला की हल्ली मी तिसरी तार मुद्दाम उतरवतो. हे गुपित परवा सलीमभाईंना सांगितलं.

त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "मुद्दाम कायको मेहनत घेतो? तू तसाच वाजव की!"